पहिले चित्र फाडू नका



राहुरी तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान साखर कारखान्यात कामाला आहेत, थोरला मुलगा आठवीत शिकतो. मुलाला चित्रांचा भारी नाद. जयंतीसाठी बाबासाहेबांचे चित्र काढायला बसला. चष्मा जमला, कोट जमला, पण चेहरा काही बाबासाहेबांचा वाटेना. त्याने कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. वडील म्हणाले, "कागद काय फुकट येतो का?" शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "चित्रकला रक्तात असावी लागते. आपल्यात कोण चित्रकार झालाय?" त्या दिवसापासून मुलाने चित्रकलेची वही उघडलेली नाही. शाळेतले सर त्याला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवायचे म्हणतात, तो नको म्हणतो. "आता काय करावे?" असे या माउलीने विचारले आहे.

पत्रात दोन प्रश्न आहेत, एक कागदाचा आणि दुसरा रक्ताचा. कागदाची सोय करता येते, ती पुढे सांगतो. रक्ताची गोष्ट आधी बोलली पाहिजे, कारण मुलाने वही मिटली ती त्याच एका वाक्याने.

विद्या अमक्यांच्याच रक्तात असते, असे आपल्या आजा-पणजांना शतकानुशतके ऐकवले गेले. पाटी-पुस्तक हातात आले आणि एक-दोन पिढ्यांत ते खोटे ठरले. मग तेच वाक्य चित्रकलेच्या बाबतीत आपण आपल्याच लेकरांना का ऐकवावे? कुणाचा हात लवकर वळतो, कुणाचा उशिरा वळतो, हे खरे आहे. पण पहिल्याच कागदावर चित्र साधले नाही, याचा अर्थ हात नालायक आहे असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की ते पहिले चित्र आहे.

आपल्या रोजच्या कामात हे आपल्याला चांगले कळते. शिंपी आधी कच्चे टाके घालतो, गिऱ्हाइकाला अंगात घालून बघायला लावतो, खडूने खूण करतो आणि मग पक्की शिलाई मारतो. गवंडी विटांचा थर लावतो, ओळंबा सोडतो, भिंत कलली असेल तर वीट काढून पुन्हा बसवतो. गोधडी शिवणारी आजी तुकडे आधी जमिनीवर मांडते, हलवते, पुन्हा मांडते, तेव्हा कुठे सुई हातात घेते. त्यांना कुणी म्हणत नाही की यांच्या रक्तात शिलाई नाही. मग पोराच्या चित्रालाच एका बैठकीत पास व्हायची सक्ती कशाला?

आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या मातीतच याचा दाखला आहे. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि या गावाच्या नावावरून एका प्राचीन संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडले. त्याच नदीवर खाली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथल्या टेकाडात एकावर एक पाच कालखंडांचे थर सापडले. सर्वांत खालचा थर इसवी सनापूर्वी सुमारे २२०० चा आणि सर्वांत वरचा, जोर्वे काळाचा, इसवी सनापूर्वी १००० पर्यंतचा. म्हणजे जवळजवळ बाराशे वर्षे एकाच जागी माणसे मातीची भांडी वापरीत होती.

थराथरांतली खापरे शेजारी ठेवली की हात कसा बदलत गेला ते दिसते. खालच्या थरातली भांडी मंद फिरणाऱ्या चाकावरची आहेत. वरच्या थरातले जोर्वे भांडे लाल, त्यावर काळ्या रंगाच्या भौमितिक रेघा, आणि इतके पक्के भाजलेले की टिचकी मारली तर धातूसारखे वाजते. पाणी ओतताना सांडू नये म्हणून त्याला तोटी आहे. या पाच थरांतली माणसे एकाच कुळातली होती असे नाही. काही नवी आली, काही जुनी राहिली. पण मातीचा कस, चाकाचा वेग आणि भट्टीची आच यांचे ज्ञान असे पिढ्यान् पिढ्या साठत जाते. ते कुणाच्या रक्तातून आलेले नव्हते, आधीच्या भांड्यांवरून आलेले होते.

आता आपल्या घरावर आणि विहारावर लागतो तो पंचरंगी बौद्ध ध्वज पाहा. हा ध्वज १८८५ साली कोलंबो येथे एका समितीने तयार केला आणि त्याच वर्षी वैशाख पौर्णिमेला तो फडकवला गेला. पण त्याचा पहिला आकार आजच्यासारखा नव्हता. जहाजावरच्या निशाणासारखा तो लांबलचक होता. कर्नल ऑल्कॉट यांनी सुचवले की मिरवणुकीत धरायला आणि घरांवर लावायला हा आकार अडचणीचा आहे, तो इतर राष्ट्रांच्या ध्वजांएवढा करावा. त्याप्रमाणे बदल झाला आणि १८८६ च्या वैशाखात सुधारलेला ध्वज फडकला. इथे ध्यानात घेण्यासारखे असे की रंग तेच राहिले, बदलला तो फक्त आकार. पहिला नमुना टाकाऊ नव्हता. त्यातले काय ठेवायचे आणि काय बदलायचे, हे तो हातात धरून पाहिल्यावरच कळले.

याहून मोठा दाखला सह्याद्रीच्या कड्यांत कोरलेला आहे. आपण लेणी पाहायला जातो, नतमस्तक होतो, फोटो काढतो. एखादे वेळी ती ओळीने पाहावीत. लोणावळ्याजवळचे भाजे घ्या. तिथला चैत्य इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याचे खांब सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. असे का? त्या आधीचे चैत्य लाकडाचे असत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब आत कलते ठेवावे लागत. कारागीर दगडात कोरायला लागले, पण डोळ्यांपुढे लाकडी घरच होते, म्हणून दगडातही खांब कलते आले. भाज्याच्या चैत्याचे दर्शनी तोंड तर लाकडाचेच होते. ते कुजून गेले, त्याची खोबणी तेवढी दगडात उरली.

तिथून जवळच बेडसे आहे. तिथे खांबांचा कल अगदी थोडा उरला आहे आणि दर्शनी भाग दगडात आला आहे. पुढे कार्ल्याला खांब सरळ उभे राहिले. दगडाला कलायची गरज नाही, हे तोवर हातांना कळले होते. कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब आहे, आपल्या देशातला कोरीव चैत्यांपैकी सर्वांत मोठा. पण तिथेही छताला लाकडी फासळ्या आहेतच, आणि त्या आजही जागेवर आहेत. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत फासळ्यासुद्धा दगडाच्या झाल्या आणि स्तूपावर बुद्धमूर्ती आली. शेवटी सातव्या शतकाच्या सुमारास वेरूळचे दहावे लेणे झाले. त्याच्या छताच्या दगडी फासळ्या पाहून लोक त्याला 'सुताराची झोपडी' म्हणू लागले. लाकूड सोडून दगडात आलेल्या कलेला शेवटी नाव मिळाले ते सुताराचेच.

भाजे ते वेरूळ हा सुमारे आठशे वर्षांचा प्रवास आहे. कागदावरची रेघ पुसता येते, पण दगडातून उडालेली कपची पुन्हा बसवता येत नाही. म्हणून एका लेण्यात कळले ते पुढच्या लेण्यात वापरले गेले. भाज्याचा कारागीर कमी प्रतीचा होता म्हणून खांब कलले, असे कुणी म्हणेल काय? भाजे नसते तर कार्ले झाले नसते. हे काम कुणी केले, तेही पाहा. कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. दरवाजाचे काम त्याचे. लाकडाशी रोज झटणाऱ्या माणसाचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले.

लेखणीचेही तसेच. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे इंग्रजी नाव आधी वेगळे होते, त्यात 'धम्म' हा शब्द नव्हता. त्यांनी मसुद्याच्या मोजक्या प्रती छापून घेतल्या आणि अभिप्रायासाठी जाणकारांकडे दिल्या. नंतर नाव बदलले, मजकुरात भर घातली. १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांचे आभार मानले आहेत. हस्तलिखित टंकलिखित करण्याचे काम या दोघांनी अनेक वेळा केले, असे ते तिथे नमूद करतात. प्रकृती ढासळलेली, दिवस थोडे उरलेले, तरी त्यांनी पहिला मसुदा पक्का मानला नाही. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. एवढ्या विद्वान माणसाला पुन्हा पुन्हा लिहावे लागले, तर आठवीतल्या लेकराने दोन कागदांत हरायचे काय कारण?

आता राहुरीच्या भगिनीला आणि तिच्यासारख्या सर्वांनाच काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

कागदासाठी जुन्या दिनदर्शिकेची पाने वापरावीत, मागची बाजू कोरी आणि जाड असते. कारखान्यातून, कचेरीतून, झेरॉक्सच्या दुकानातून एका बाजूने कोरे कागद विचारले तर मिळतात. सरावाला पाटीही चांगली, पण पाटीचा एक तोटा आहे. नवे काढायचे तर जुने पुसावे लागते, आणि जुने गेले की कुठे सुधारलो ते कळत नाही. म्हणून आठवड्याला निदान एक चित्र कागदावर हवेच. त्यावर तारीख आणि क्रमांक घालावा. पहिले, दुसरे, तिसरे अशी सारी एका जुन्या पिशवीत जपून ठेवावीत.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी. बाबासाहेबांचा चेहरा जमत नाही याचे नेहमीचे कारण डोळ्यांची जागा हे आहे. मुले डोळे फार वर काढतात, मग कपाळ लहान होते, आणि बाबासाहेबांची ओळख तर त्या भव्य कपाळातच आहे. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजले तर डोळे जवळजवळ मध्यावर येतात. दुसऱ्या कागदावर फक्त ही मापे सुधारावीत. भिंतीवर मोठे चित्र रंगवणारे पेंटर फोटोवर चौकटी आखतात आणि तितक्याच चौकटी भिंतीवर आखून एकेक चौकट भरतात. मुलालाही तसे करू द्यावे, ती काही लबाडी नव्हे. तिसऱ्या कागदावर उजेड आणि सावली पाहावी. सगळे एकदम सुधारायला गेले की काहीच सुधारत नाही आणि कागद फाटतो.

चित्र झाले की ते दूर ठेवून पाहावे, आरशात पाहावे. उलट्या प्रतिमेत वाकडे कान आणि खालीवर झालेला चष्मा लगेच नजरेत भरतो. मग घरातल्या एखाद्याला दाखवावे. घरच्यांनी "छान" किंवा "वाईट" एवढेच न बोलता "कुठे खटकते" ते सांगावे. लहान बहीण म्हणाली की नाक लांब झाले, तर तेही ऐकून घ्यावे.

थांबायचे कधी, हेही शिकावे लागते. बदल केल्याने चित्र सुधारत असेल तोवर बदलत राहावे. बदलल्याने चित्र नुसते वेगळे होऊ लागले, सुधारणा काही दिसेना, की पेन्सिल खाली ठेवावी. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहावे.

परीक्षेला त्याला जरूर बसवा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असते. पुढची इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याचे नियम सरांना विचारून घ्यावेत. गुणांपेक्षा मोठी गोष्ट अशी की एकच नक्षी अनेक तऱ्हांनी करून बघण्याची सवय या अभ्यासात लागते. पुढे तो पेंटर होवो, शिंपी होवो, छापखान्यात जावो की इंजिनिअर होवो, ती सवय उपयोगी पडेल. त्याच्या वडिलांनाही सांगा, की भाऊ, तुम्ही एका पाळीत काम शिकला नाहीत. पोराच्या वहीलाही थोड्या पाळ्या लागतील.

जाता जाता मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक सूचना. जयंतीला विहारात चित्रस्पर्धा भरते, उत्तम चित्राला बक्षीस मिळते आणि बाकीची चित्रे दुसऱ्या दिवशी सतरंजीखाली जातात. येत्या वर्षी मुलांना तीन चित्रे आणायला सांगा, पहिले, मधले आणि शेवटचे, तिन्हींवर तारखा घातलेली. तिन्ही शेजारी शेजारी लावा. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत ज्याने सर्वांत लांबचा पल्ला गाठला, त्याला एक बक्षीस वेगळे ठेवा. ते बघायला येणाऱ्या आयाबायांना आणि बापमाणसांना न सांगताच उमजेल की चित्र रक्तातून येते की सरावातून.