दोष रक्ताचा, शिक्षा आईला!

भांडुपच्या डोंगरउतारावर दाटीवाटीने वसलेल्या एखाद्या घरात नुकते चालू लागलेले मूल पायरीवरून घसरते. गुडघा टरारून सुजतो. मुका मार समजून घरची माणसे तेल चोळतात, शेक देतात. सूज मात्र उतरत नाही. या मुलाच्या रक्तातच गोठण्याची शक्ती अपुरी असेल, ही शंका कितीजणांना येते? आणि पुढे हिमोफिलियाचे निदान झाले, की घरातली बोटे वळतात ती आईकडे! 'माहेरचा रोग घेऊन आली' हा शेरा तिच्या कपाळी कायमचा बसतो.

हा शेरा अन्यायाचा आहे आणि अज्ञानाचाही. रक्त गोठविणाऱ्या घटकांपैकी आठवा कमी पडला तर हिमोफिलिया 'ए', नववा कमी पडला तर 'बी'. या दोहोंची सूत्रे एक्स गुणसूत्रावर असतात. मुलग्याला ते गुणसूत्र एकच, तेही आईकडून मिळते. म्हणून हा रोग बहुधा मुलग्यांनाच गाठतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याचा संभव निम्मा, आणि प्रत्येक मुलगी वाहक निघण्याचा संभवही निम्माच. उलट रोगी पित्याची प्रत्येक मुलगी वाहक होते. शिवाय सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कोणालाच झालेला नसतो. व्हिक्टोरिया राणीच्या वंशातून तो रशियाच्या झारच्या एकुलत्या एक मुलापर्यंत पोचला. जेथे राजवाड्यांचे काही चालले नाही, तेथे कष्टकऱ्याच्या घरातील सुनेने कोणता गुन्हा केला?

साध्या खरचटण्याने रोगी दगावतो, ही समजूतही चुकीची आहे. खरा घात आत होतो. गुडघ्यात, कोपरात वारंवार रक्तस्राव होऊन सांधे कायमचे निकामी होतात. मेंदूतील रक्तस्राव तर जिवावरच बेततो. उणा असलेला घटक वेळेवर टोचला, तर हे बहुतांशी टळते. २०१६ च्या कायद्याने हिमोफिलियाला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले, हे योग्यच झाले. परंतु अपंगत्वाचा दाखला हातात देण्यापेक्षा अपंगत्व येऊच न देणे, हे शासनाचे पहिले कर्तव्य नव्हे काय?

त्याची गुरुकिल्ली लवकर निदानात आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने हिमोफिलिया 'ए' ओळखण्याची झटपट चाचणी तयार केली आहे. विद्वत्तेचे काम विद्वानांनी केले. आता काम कारभाऱ्यांचे आहे. सुजलेल्या गुडघ्याचे पोर कडेवर घेऊन आईने लोकलच्या गर्दीतून परळ गाठावे, त्यापेक्षा परळची चाचणीच भांडुपच्या पालिका दवाखान्यात यावी, आणि सुजेचे कारण शोधताना डॉक्टरांनी तिचे स्मरण ठेवावे. त्याचबरोबर आईला, मावशीला, बहिणीला वाहकत्वाची तपासणी व योग्य सल्ला मिळावा. मात्र तो दोषारोपासाठी नव्हे, तर पुढच्या पिढीच्या रक्षणासाठी!

रक्तातील उणीव औषधाने भरून काढता येते. समाजाच्या मनातील उणीव मात्र समाजालाच भरून काढावी लागेल.