साच्यातला किस्सा : इंडोनेशियन भाषेच्या लेखनशिक्षणाचा एक प्रश्न

इंडोनेशियातील माध्यमिक शाळांतले लेखनकौशल्याचे अध्यापन २०१३च्या अभ्यासक्रमाने शास्त्रीय पायावर आणले, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. त्यातील 'शास्त्रीय' हा शब्दच तपासून घेण्याजोगा आहे. हा अभ्यासक्रम स्वतःला 'संहिताधिष्ठित' म्हणवतो. त्याच्या मुळाशी हॅलिडे यांचे भाषाविज्ञान आणि त्यावर उभा राहिलेला सिडनी परंपरेचा संहिताप्रकारविचार आहे. मार्टिन, रॉदरी आदींनी १९८०च्या दशकात सिडनीच्या वंचित वस्त्यांतील शाळांत जे काम केले, त्यामागे एक स्पष्ट राजकीय भूमिका होती : अहवाल, विवेचन, युक्तिवाद हे प्रतिष्ठित लेखनप्रकार ज्या मुलांच्या घरात नाहीत, त्यांना ते शाळेने उघडपणे शिकवावेत. ही भूमिका सहजी मोडीत काढता येत नाही. घरी जावानीज किंवा मादुरी बोलणाऱ्या, इंडोनेशियन मुख्यतः शाळेत भेटणाऱ्या मुलाला 'मनातले लिही' एवढेच सांगणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे होय.

परंतु जाकार्तापर्यंतच्या प्रवासात या विचाराचे काय झाले, हे दहावीच्या 'किस्सा' या घटकावरून कळते. किस्स्याची पाच अंगे सांगितली जातात : सार, पार्श्वभूमी, पेच, प्रतिक्रिया, समारोप. या यादीची वंशावळ लाबोव्ह आणि वालेत्स्की यांच्या १९६७च्या निबंधापर्यंत जाते. लोक तोंडी गोष्टी सांगतात कसे, याचे ते वर्णन होते. त्यात 'मूल्यांकन' हे अंग कळीचे होते : ऐकणाऱ्याने 'मग काय?' असे विचारू नये म्हणून सांगणारा जे जे करतो, ते सारे. शालेय यादीतून नेमके तेच गळले आहे. त्याच्या जागी आलेली प्रतिक्रिया पात्राची असते. मूल्यांकन सांगणाऱ्याचे असते. किस्स्यातून टीका साधावी, असे पाठ्यपुस्तके म्हणतात खरे. पण टीका करणाऱ्याला उभे राहायला त्या आराखड्यात जागा नाही. अब्दुर्रहमान वाहिद यांनी सुहार्तो राजवटीत सोव्हिएत विनोदांच्या एका संग्रहाला प्रस्तावना लिहिली होती. रशियन विनोदावर जाकार्ता का हसते, हे तेथे कोणाला अंगवार समजावून द्यावे लागले नाही.

वाक्याच्या पातळीवरही हेच घडते. 'दि' हा उपसर्ग लावलेले कर्मणी रूप मलय गद्याचे सहज वळण आहे. दोष व्याकरणाचा नाही. पण याच रूपाचा आश्रय घेऊन नव्या राजवटीच्या भाषेत अटक झालेला माणूस 'सुरक्षित केला गेला' आणि वाढलेली किंमत 'जुळवून घेतली गेली'. 'चांगली आणि शुद्ध इंडोनेशियन वापरा' ही घोषणाही त्याच काळात घुमली. कर्ता केव्हा लपवावा आणि केव्हा उघड करावा, हा लेखनाचा पहिला निर्णय. तो शिकवण्याऐवजी शाळा रूप ओळखायला शिकवते. ज्या भाषेत 'सास्त्रा' या शब्दाचा अर्थ साहित्य असा झाला, तिने शाळेत साहित्याचेच शास्त्र करावे, हा संस्कृत व्युत्पत्तीचा सूडच म्हणायचा.

विरोधी पक्षही निर्दोष नाही. तौफिक इस्माईल यांनी १९९७ साली १३ देशांतील शालेय साहित्यवाचनाची तुलना करून इंडोनेशियन विद्यार्थ्याच्या नावापुढे शून्य पुस्तके लिहिली आणि वसाहतकाळातील डच माध्यमिक शाळांतील २५ पुस्तकांचे स्मरण दिले. शून्य बोचरे आहे. मात्र ती २५ पुस्तके मूठभर मुलांच्या वाट्याची होती, आणि सर्वांसाठीच्या शाळेला तो मापदंड लावता येत नाही.

दोन्ही पक्ष परीक्षेबद्दल मात्र फारसे बोलत नाहीत. राष्ट्रीय परीक्षा शेवटची २०१९ साली झाली. तोवर इंडोनेशियन भाषेचा पेपर पर्यायनिवडीचा होता. लेखनकौशल्य म्हणून विद्यार्थी विस्कळीत वाक्यांचा क्रम लावत आणि योग्य पर्याय काळा करत. २०२१ साली तिच्या जागी आलेले राष्ट्रीय मूल्यमापन वाचन-साक्षरता आणि अंकसाक्षरता मोजते. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला परिच्छेद तेथेही कोणी वाचत नाही.