रुमालाखालचा लिलाव

जुन्या मराठी पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा ऑनलाइन लिलाव ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. दुर्मीळ प्रथमावृत्त्या, 'सत्यकथे'चे सुटे अंक, साठच्या दशकातील अनियतकालिके असा सारा ऐवज फेसबुकच्या आणि व्हॉट्सॲपच्या गटांत छायाचित्रांसह मांडला जातो, 'रविवारी रात्री नऊपर्यंत' अशी मुदत दिली जाते आणि बोली सुरू होते. इथवर सारे ठीक. तक्रार पुढची आहे. मुदत संपते, सर्वोच्च बोली कोणाची हे सर्वांना दिसते, विक्रेता 'अभिनंदन' असेही लिहितो. आणि दोन दिवसांनी त्याच विक्रेत्याचा निरोप येतो की प्रतीला वाळवी लागली आहे, किंवा घरच्यांना ती विकायची नाही, किंवा (हे कारण त्यातल्या त्यात प्रामाणिक) 'एवढ्यात परवडत नाही'. या प्रकाराला आपल्या साहित्यव्यवहारात अद्याप कोणी नावे ठेवलेली नाहीत. आम्ही ती ठेवू इच्छितो. शब्द फिरवण्याची ही रीत आहे आणि तिला साहित्याच्या अध्यापकांचा, संशोधकांचा व संग्राहकांचाच आश्रय आहे, असे आमचे म्हणणे आहे.

'लिलाव' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. वऱ्हाडात रूढ असलेला 'हर्रास' अरबी 'हराज'शी नाते सांगतो. परंतु लिलावात जी लावायची तिला मात्र मराठीने स्वतःचाच शब्द दिला: बोली. भाषेलाही बोली म्हणायचे आणि देऊ केलेल्या किमतीलाही बोलीच म्हणायचे, यामागे एक व्यवहारज्ञान आहे. बाजारात उच्चारलेला आकडा हे नुसते बोलणे नसते; ते बांधून घेणे असते. ज्यांचा उभा जन्म शब्दांच्या अर्थच्छटा शिकवण्यात जातो, त्यांच्याच गोतावळ्यात ही छटा पुसली जावी, हे नवल म्हणायचे की लक्षण?

आम्ही बाळापूर-अकोला परिसरात मराठी शिकवतो. या मुलखाला लिलाव कोणी शिकवावा लागत नाही. वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या अमलाखाली असताना, १८८६ साली, कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील अशा बाजारांत तो पहिला समजला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाही आला. त्यापूर्वीची, आणि कायद्यानंतरही पुष्कळ ठिकाणी रेंगाळलेली, रीत रुमालाची होती. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबत आणि भाव ठरत असे. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा. त्याला रुमाल तेवढा दिसे. उघड्या लिलावाची मागणी या रुमालातून जन्माला आली. आजही बाजार समितीत ढिगाशी उभे राहून बोली पुकारली जाते ती चार माणसांना ऐकू जावी म्हणून. पुकारलेला भाव पटला नाही तर शेतकरी माल देण्यास नकार देऊ शकतो. पण तो सौदा ठरण्यापूर्वी. सौदापट्टी झाल्यावर 'घरी विचारून सांगतो' म्हणणाऱ्याची त्या आवारात पत राहत नाही. ज्याला आपण अडाणी बाजार म्हणतो त्याची ही शिस्त, आणि ज्याला आपण सुसंस्कृत ग्रंथव्यवहार म्हणतो त्याची ती तऱ्हा!

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे ६४ वे कलम अवघे काही ओळींचे आहे. हातोडा पाडून किंवा अन्य रूढ रीतीने लिलावकर्त्याने विक्री पुरी झाल्याचे जाहीर केले की ती पुरी झाली. तोपर्यंत बोली लावणाऱ्याला बोली मागे घेता येते. विक्रेत्याच्या संरक्षणासाठी राखीव किंमत ठेवण्याची सोय त्याच कलमात आहे. किंमत फुगवण्यासाठी विक्रेत्याने खोटी बोली लावली किंवा लावविली, तर खरेदीदाराला सौदा रद्द करता येतो, असेही तेच कलम म्हणते. फेसबुकच्या गटात हातोडा नसतो हे खरे. पण जाहीर मुदत आणि तिच्यानंतरचे 'अभिनंदन' ही तिथली रूढ रीत नव्हे तर दुसरे काय? शिवाय याच अधिनियमाचे ५८ वे कलम विशिष्ट वस्तूच्या बाबतीत नुसती भरपाई न देता वस्तूच हवाली करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला देते. कोण्या लेखकाची स्वाक्षरी असलेली प्रत, किंवा चक्रमुद्रित अंकाची हाती उरलेली एखादी प्रत, याहून विशिष्ट वस्तू कोणती?

परदेशात या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागला आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले विमान ईबेवर लिलावात ठेवले. दीड लाख डॉलरची बोली आली, मुदत संपली आणि विक्रेत्याला आठवले की दुसरा गिऱ्हाईक एक लाख जास्त देतो आहे. न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये विमान पहिल्या बोलीदारालाच, ठरल्या किमतीत, देण्याचा आदेश दिला. जर्मनीचे उदाहरण आणखी बोलके आहे. एका विक्रेत्याने जुनी मोटार एक युरोपासून बोलीला लावली. बाहेर ४२०० युरोंचा गिऱ्हाईक मिळताच लिलाव मध्येच बंद केला. तेव्हा एकच बोली उभी होती, तिची किंमत एक युरो. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने बोलीदाराला ५२४९ युरोंची भरपाई मंजूर केली. न्यायालयाचा आशय साधा होता: इतक्या खालून बोली सुरू करण्याचा धोका विक्रेत्याने स्वतःहून पत्करला होता.

आमच्याकडची परिस्थिती पाहा. बझी डॉट कॉम ही २००० साली निघालेली लिलावाची पेढी २००४ मध्ये ईबेने घेतली. ईबे इंडियाही ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. त्या व्यवस्थेत निदान विक्रेत्याच्या नावापुढे ग्राहकांचे शेरे जमा होत. आजच्या गटांत शेरा नाही आणि स्मृतीही नाही. आमच्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेसाठी आम्ही चौघांनी वर्गणी काढून एका बंद पडलेल्या मासिकाच्या अकरा अंकांवर बोली लावली. सर्वोच्च बोली आमची ठरली, पैसे त्याच रात्री गेले. चौथ्या दिवशी पैसे परत आले आणि सोबत निरोप: अंक पावसात भिजले. महिन्याभरात तेच अंक, त्याच पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरच्या त्याच शाईच्या डागासह, दुसऱ्या गटात तिप्पट किमतीला झळकले. कोरडे ठणठणीत! पैसे परत मिळाले, मग नुकसान काय, असे आम्हांला विचारण्यात आले. नुकसान असे, की त्या मुलीने प्रबंधिकेतील एक प्रकरण दुसऱ्यांनी केलेल्या उल्लेखांवर विसंबून लिहिले. आमची बोली ही तिच्यापुरती अभ्याससाधन मिळवण्याची वाट होती. विक्रेत्यापुरती ती मालाचा भाव अजमावण्याची फुकटची युक्ती ठरली.

यावर कोणी म्हणेल, जुनी पुस्तके विकणारे हातावर पोट असलेले लोक. त्यांच्यावर कायद्याचे बडगे कसले उगारता? ही सहानुभूती आम्हांलाही आहे. रद्दीच्या ढिगाऱ्यातून एखादा ग्रंथ वाचवणाऱ्याचे ऋण मराठीवर आहेच. पण त्याचा उपाय राखीव किंमत हा आहे. हजाराखाली द्यायचे नसेल तर तसे पहिल्याच ओळीत लिहावे. दुसरा आक्षेप असा की मागे घेणे कधीकधी योग्यही असते. अवश्य असते. पिप्रहवा येथील बौद्ध अवशेषांबरोबरच्या रत्नांचा हाँगकाँगमधील लिलाव मे २०२५ मध्ये भारत सरकारच्या नोटिशीनंतर पुढे ढकलला गेला आणि ती रत्ने जुलैत भारतात आली. तद्वत एखाद्या पुस्तकावर सार्वजनिक ग्रंथालयाचा शिक्का निघाला तर विक्री थांबवलीच पाहिजे. परंतु तिथे कारण उघड सांगता येते आणि वस्तू मूळ धन्याकडे जाते. जास्त पैसे देणाऱ्याकडे नव्हे.

तिसरा आक्षेप: दोन हजारांच्या व्यवहारासाठी एवढा गहजब कशाला? आमच्या गावात मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्री उभी आहे. आग्र्याला निघालेल्या शिवाजीमहाराजांच्या सुरक्षिततेचा शब्द १६६६ मध्ये त्यांनी दिला आणि तो राखण्याचे ओझे त्यांच्या मुलाने, रामसिंगाने, आग्र्यात वाहिले. त्या प्रसंगाशी अकरा अंकांची तुलना करण्याइतके आम्ही भाबडे नाही. एवढेच म्हणायचे आहे की शब्दाचे वजन वस्तूच्या किमतीवर ठरवू लागलो, तर लहान माणसांना दिलेला प्रत्येक शब्द हलकाच भरेल.

आणि खरा मुद्दा हाच आहे. विक्रेता आपोआप फिरत नाही. त्याला फिरवणारा कोणीतरी असतो. मुदत संपल्यावर त्याला खासगीत दूरध्वनी येतो: 'किती लागली? पाचशे वर घ्या, मला द्या.' हा आवाज बहुधा मोठ्या शहरातला, ओळखीतला असतो. तो सेमिनारमध्ये प्राथमिक साधनांच्या हेळसांडीवर बीजभाषणही करतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सहज चक्कर टाकू शकणारा आणि बाळापुरात बसून मोबाइलवर बोली लावणारा, या दोघांना प्रथमच एका रांगेत उभे करील, असे ऑनलाइन लिलावाचे आश्वासन होते. त्या दूरध्वनीने ते मोडले. रुमाल परत आला; आता बोटे तेवढी कळपट्टीवर दाबली जातात.

तेव्हा मागण्या मोजक्याच. राखीव किंमत आधी जाहीर व्हावी. मुदत संपताच बोलीदाराचे नाव व रक्कम गटात नोंदली जावी. विक्रेत्याने माघार घेतली तर ती कारणासह त्याच गटात दिसावी आणि ती वस्तू पुन्हा आली तर पहिला हक्क मूळ बोलीदाराचा असावा. नियमित धंदा करणाऱ्यांसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. घरातले एखादे कपाट रिकामे करणाऱ्या खासगी विक्रेत्याला तो कायदा बहुधा लागू होत नाही. तिथे गटचालकांचीच जबाबदारी वाढते.

शेवटची मागणी विक्रेत्यांकडे नाही, आमच्या व्यवसायबंधूंकडे आहे. दुसऱ्याने जिंकलेली बोली मोडून आलेले पुस्तक विकत घेऊ नका. घेतलेच, तर आपल्या शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशात ते कोणाच्या हातून काढून घेतले तेही नमूद करा.