बंदी पाण्यावर, बाटलीवर नव्हे!

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत घरची चांगली बाटली कचरापेटीत टाकणारे प्रवासी अजूनही दिसतात. खरे तर नियम बाटलीसाठी नाही, आतल्या द्रवासाठी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १०० मिलिलिटरची मर्यादा आली. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे ती आता सैल झाली आहे. रिकामी बाटली मात्र हँडबॅगेतून खुशाल न्या. पाणी तपासणीआधी ओता, आत गेल्यावर नळावर भरा.

पण नळ सापडला तर! पाणी विकणारी दुकाने लगेच दिसतात, नळ बहुधा स्वच्छतागृहाशेजारच्या कोपऱ्यात. प्रवाशाला पाणी ओतून टाकायला लावता, तर तपासणी संपते तिथेच मोफत पाणी आणि मोठी पाटी हवी. ही काही मेहेरबानी नव्हे.

स्ट्रॉच्या बाटलीला मात्र जरा जपा. आकाशात केबिनमधला हवेचा दाब साधारण सिमल्यात असतो तेवढाच राहतो. जमिनीवर बाटलीत कोंडलेली हवा तिथे फुगते आणि स्ट्रॉ उघडताच पिचकारी थेट शेजाऱ्याच्या शर्टावर! म्हणून आधी मोठे झाकण थोडे सैल करायचे, मग स्ट्रॉ.