डुकराच्या जंतूंची तपासणी कशाला?

डुकराचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण माणसाचे एक राखीव औषध निकामी होऊ लागले आहे, याचा मोठा इशारा एका डुकराच्या जंतूनेच दिला.

कोलिस्टिन हे जुने प्रतिजैविक. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून डॉक्टरांनी ते मागे टाकले होते. पुढे इतर औषधांना दाद न देणारे जंतू बोकाळले आणि अतिदक्षता विभागात ते पुन्हा काढावे लागले. चीनमध्ये मात्र डुकरांचे वजन वाढावे म्हणून तेच खाद्यात मिसळत होते! तिथे जनावरांतील ई. कोलाय जंतूंवर कोणते औषध चालते याची नियमित तपासणी होई. त्यात शांघायच्या एका डुकरात कोलिस्टिनला न जुमानणारा जंतू सापडला. ही ताकद तो दुसऱ्या जंतूलाही देऊ शकत होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, तर १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांत तेच जनुक आढळले.

तपासणी आपल्या लघवीच्या ‘कल्चर’सारखीच. बशीत जंतू पसरून औषधाच्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवतीचे मोकळे वर्तुळ मोजायचे. कोलिस्टिनची मेख इथेच आहे. त्याचा रेणू मोठा, तो थरात नीट पसरत नाही, त्यामुळे टिकली फसवते. म्हणून औषधाची मात्रा दुपटीने वाढवत नेलेल्या द्रवात जंतू वाढतो का, हे पाहावे लागते. काम किचकट आहे, पण पर्याय नाही.

चीनने २०१७ मध्ये खाद्यातील कोलिस्टिन बंद केले. डुकरांच्या ई. कोलायमध्ये २०१५-१६ साली ३४ टक्के असलेला प्रतिकार २०१७-१८ मध्ये ५ टक्क्यांवर आला. मोजत राहिले म्हणून हे कळले.

आपल्याकडेही केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यजनावरांसाठी व कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. पण नुसत्या आदेशाने जंतू ऐकत नाहीत. जनावरांच्या जंतूंची अशी तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी आणि तिचा अहवाल पशुवैद्यांबरोबर माणसांच्या डॉक्टरांनाही मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हगवण लागलेली पिले अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबणार नाहीत, हे पाळणाऱ्याचे म्हणणे खरे आहे. औषध लगेच द्यावे. नमुना तेवढा त्याआधी घ्यावा.