मक्केचा दरवाजा

सुट्टीत आम्ही मुलांना सुरत दाखवायला नेले. तापीकाठचा किल्ला पाहताना धाकटीने विचारले, "अम्मी, जहाजे कुठे गेली?"

मोगल काळात सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. मोठी जहाजे नदीच्या मुखापाशी सुवालीला नांगर टाकीत. दूरदूरचे हाजी इथूनच अरबस्तानाकडे निघत. त्यांच्या मुक्कामासाठी शाहजहानच्या काळात, १६४४ साली, हकीकत खानाने मोगल सराय बांधली. आज त्याच इमारतीत महानगरपालिकेचे कार्यालय आहे.

वाट जोखमीची होती. १६९५ साली हाजींना घेऊन परतणारे 'गंज-ए-सवाई' जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज समुद्री लुटारूने लुटले. निघालेला माणूस परत येईलच, याची खात्री नसे. म्हणून हजला निघण्याआधी कर्ज फेडायचे, दुखावलेल्यांची माफी मागायची, ही रीत किती खरी होती, ते तिथे उभे राहून कळले.

आता विमान काही तासांत जेद्दाला पोहोचवते, आणि माफी मोबाईलवरच्या एका मेसेजात उरकते. इन्शाअल्लाह, पुढच्या वर्षी आम्ही हजला निघू. पण आमच्या भावजयीशी तीन वर्षे अबोला आहे. आधी तिच्या दारी जायचे, हे सरायीच्या दारातच ठरवले.