सफरचंद डोंगर चढलं, शेतकऱ्याचं काय? नेपाळच्या मुस्तांगमध्ये नेमकं काय बदलतंय?

मुक्तिनाथच्या यात्रेला जाऊन आलेल्यांना जोमसोमजवळचं मारफा गाव आठवत असेल. दगडी गल्ल्या, पांढरी घरं आणि उन्हात वाळत घातलेल्या सफरचंदाच्या फोडी. 1966 मध्ये इथं सरकारी फळबाग केंद्र सुरू झालं आणि मुस्तांग हा नेपाळचा सफरचंदाचा जिल्हा बनला. आता हेच सफरचंद हळूहळू वर सरकतंय.

वर का सरकतंय?

सफरचंदाला हिवाळ्यात भरपूर थंडी लागते. नेहमीच्या जातींसाठी साधारण हजार तास पारा 7 अंशांखाली राहावा लागतो. तेवढी थंडी मिळाली नाही तर कळ्या नीट फुटत नाहीत, फळ कमी धरतं आणि रोगही वाढतात. मुस्तांगच्या खालच्या भागात, लेते-कुंजोकडे, हेच झालंय. तिथले काही शेतकरी सफरचंद सोडून भाज्यांकडे वळलेत. उलट 3,800 मीटर उंचीवरच्या लो मानथांग परिसरात, जिथं पूर्वी जव आणि कुट्टू पिकायचं, तिथं आता बागा दिसू लागल्यात.

शेतीने हवामानाशी जुळवून घेतल्याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट हौसेनं सांगितली जाते. पण ती अर्धीच आहे. कुंजोच्या शेतकऱ्याची जमीन कुंजोतच राहते. फायदा होतो तो वरच्या गावातल्या, आणि तोही झाड फळायला लागेपर्यंत काही वर्षं थांबू शकणाऱ्या शेतकऱ्याला. शेजारच्या मनांग जिल्ह्यात भ्रताङला इटलीहून आणलेली बुटकी, लवकर फळणारी झाडं लावली गेली. बाग छान उभी राहिली, पण त्यामागे कंपनीचं भांडवल आहे. तारा, खांब, ठिबक हा खर्च दोन-चार वाफ्यांच्या शेतकऱ्याला झेपणारा नाही.

आणि पाणी?

खरी अडचण इथं आहे. मुस्तांग हिमालयाच्या पर्जन्यछायेत येतो. जोमसोमला वर्षाकाठी सरासरी 300 मिलीमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. साताऱ्याच्या माणदेशातही याहून जास्त पडतो. त्यामुळे शेती चालते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, पाटाने. बर्फ कमी पडला की ऐन पेरणीत पाट कोरडा. काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार, उत्सर्जन असंच चालू राहिलं तर या शतकाच्या अखेरीस हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचं 80 टक्क्यांपर्यंत आकारमान नष्ट होऊ शकतं.

पाऊस येतो तेव्हाही बेतानं येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कागबेनीत अचानक पूर आला आणि घरं, पूल वाहून गेले. इथली सपाट मातीची छपरं कोरड्या हवामानासाठी बांधलेली. जोराच्या पावसात ती गळतात.

गावंच हलवली, तेव्हा

वरच्या मुस्तांगमधल्या साम्जोङ गावाचं पाणी आटलं, तेव्हा लोकांनी खाली लो मानथांगजवळ, तिथल्या राजाने दिलेल्या जमिनीवर नवी वस्ती उभारली. धे गावानेही खाली थांगचुंगला जायचं ठरवलं आणि नदीकाठी सफरचंदाची बाग लावली. पण तिथं पुराची भीती आहे. म्हणून धेमधली काही कुटुंबं खाली उतरली आणि काही अजून वरच, उरलेल्या झऱ्यावर जव पिकवत राहिली.